घोडा मंद चालतो? आधी कारण शोधा, मग चंदी वाढवा



अलिबाग, वरसोली, नागाव, काशीद, मुरूड या आपल्या किनारपट्टीवर भातशेती आणि वाडीच्या जोडीला घोडा बाळगणारी घरं आहेत. कोणी पुळणीवर पाहुण्यांना घोड्यावरून फिरवतो, कोणी घोडागाडी जुंपतो आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं नेऊन आणतो. 2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकरांना इकडे येणं आणखी सोपं झालं. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत घोडा कमावतो, त्यावर घरचा बराच खर्च निघतो. असा घोडा पाय ओढत चालू लागला, टाच मारल्याशिवाय हलेना, की मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो: याला काय खाऊ घालावं म्हणजे अंगात जोर येईल?

प्रश्न बरोबर आहे. पण घाईनं चंदी दुप्पट केली तर पैसा जातो आणि कधी कधी घोडाही जातो. म्हणून या पत्रकात आधी मंदपणाची कारणं आणि मग खुराक, या क्रमानं माहिती दिली आहे.

शांत घोडा आणि थकलेला घोडा

काही घोडे स्वभावानंच शांत असतात. लाटेला बुजत नाहीत, गर्दीत उधळत नाहीत, लहान मूल पाठीवर बसलं तरी आपल्या चालीनं चालतात. ज्या घोड्यावर परक्याचं मूल बसतं, त्याच्या अंगी हा गुण हवाच. त्याला भरमसाट दाणा देऊन चेतवू नका. दाण्याची मस्ती वेगळी आणि कामाची ताकद वेगळी. मस्ती आलेला घोडा पहिली दहा मिनिटं उड्या मारतो, मग पुन्हा मान टाकतो. आपल्याला हवी आहे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरणारी ताकद.

आता तुमचा घोडा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. सकाळी ताजा असताना बरा चालतो आणि दुपारनंतर ढेपाळतो, तर त्याला खुराक किंवा मीठ-पाणी कमी पडत असेल, नाहीतर त्याचा दम कमी असेल. सकाळपासूनच मान खाली, डोळे निस्तेज, केस रुक्ष, तर तो आजारी असण्याचा संभव जास्त. खाऊन-पिऊन गोल झालेला आहे आणि तरी हलत नाही, तर त्याला खाणं कमी आणि फिरणं जास्त हवं. घोडा का अडला, या आपल्या जुन्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: न फिरवल्यामुळे! पाच दिवस दावणीला बांधलेला घोडा सहाव्या दिवशी एकदम सहा तास कसा चालेल? सोमवार ते शुक्रवारही त्याला रोज तासभर फिरवा.

चंदी वाढवण्याआधी हे तपासा

1. फासळ्या. बरगडीवरून हात फिरवा. फासळ्या हाताला लागाव्यात, पण दुरून दिसू नयेत. दिसत असतील तर घोडा खंगलेला आहे. दाबूनही लागत नसतील तर तो जाड आहे. जाड घोड्याची चंदी बंद करा, गवत मात्र बंद करू नका.

2. दात. अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे खाली पडतात का? लिदीत अख्खे दाणे दिसतात का? दाढांना धारदार टोकं आली की घोडा नीट चावत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दात तपासून, लागल्यास घासून घ्या.

3. जंत. पोट सुटलेलं आणि पाठ वाळलेली, अशा घोड्यात जंत असण्याची शक्यता मोठी. लीद तपासून घ्या आणि सांगितलेलं औषध वजनाप्रमाणे द्या. अंदाजानं कमी-जास्त औषध दिल्यास जंत औषधाला दाद देईनासे होतात.

4. सर्रा. हा रक्तातल्या जंतूंचा रोग गोमाश्यांच्या चावण्यानं पसरतो. ताप येतो आणि जातो, घोडा खातो पण वाळत जातो, हिरड्या फिकट पडतात, पायांवर किंवा पोटाखाली सूज येते. अशा घोड्याला कितीही खाऊ घाला, उपयोग नाही. रक्त तपासून इलाज करावा लागतो. घोड्याचा ताप 101.5 अंश फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टरांना कळवा.

5. वाळू. हे दुखणं किनाऱ्यावरच जास्त. पुळणीवर टाकलेलं गवत खाताना घोडा वाळू गिळतो. ती आतड्यात साठते, मग पोट दुखतं, हगवण लागते, अंग उतरतं. परीक्षा सोपी आहे. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले, काचेच्या बरणीत पाणी घेऊन कालवा आणि वीस मिनिटं ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला तर पोटात वाळू जाते आहे. वैरण गव्हाणीतून आणि चंदी तोबऱ्यातून द्या. पोटातली वाळू काढण्यासाठी इसबगोल देतात, पण त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

6. खूर, नाल, खोगीर. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्या. खोगिराखाली पाठीवर हाताच्या तळव्यानं दाबून पाहा. घोडा पाठ खाली घालतो का? दुखऱ्या पाठीचा घोडा आळशी दिसतो.

7. घाम. आपल्याकडच्या दमट हवेत काही घोड्यांना घाम येणंच कमी होतं. काम करून आल्यावरही अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, धाप थांबत नाही, असं दिसलं तर चंदी वाढवू नका. घोडा सावलीत घ्या, अंगावर सारखं थंड पाणी ओता आणि डॉक्टरांना दाखवा.

या सातांपैकी काही सापडलं तर पहिला खर्च त्याच्यावर करा.

घोड्याचं पोट बैलासारखं नाही

बैलाला मोठी कोठी असते. पेंढा, कडबा तो कोठीत भरतो आणि रवंथ करत बसतो. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान असतं. तो रवंथ करत नाही आणि त्याला ओकारीही करता येत नाही. गवताचं खरं पचन पुढे मोठ्या आतड्यात होतं. तिथले सूक्ष्म जीव गवत आंबवून त्यातून शक्ती काढतात, आणि ही शक्ती दिवसभर सावकाश मिळत राहते.

एका वेळी फार दाणा घातला तर तो लहान आतड्यात पुरता पचत नाही, मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे आंबून आम्ल तयार होतं. त्यातून पोटशूळ उठतो किंवा खूर तापतात. खूर तापलेला घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. हे दुखणं घोड्याला कायमचा लंगडा करू शकतं. म्हणून नियम एकच: आधी वैरण, मग चंदी. आणि चंदी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा.

वैरण: खरी ताकद इथेच

आपल्याकडे घरचा भाताचा पेंढा असतो म्हणून तोच घोड्याला घातला जातो. पेंढ्यानं पोट भरतं, पण जोर येत नाही. त्यात प्रथिनं फार कमी आणि न पचणारा भाग जास्त. घोडा मंद असण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. पेंढा आंथरायला ठेवा आणि खायला माळावरचं सुकं गवत द्या.

गवत कधी कापता यालाही महत्त्व आहे. बी गळून काड्या पिवळ्या पडल्यावर कापलेलं गवत म्हणजे लाकूडच. फुलोऱ्याच्या सुमाराला, पावसाची उघडीप पाहून कापा, नीट वाळवा आणि जमिनीपासून उंच माचावर रचा. बुरशीचा वास येणारं गवत घोड्याला घालू नका.

सुकं गवत किती? घोड्याच्या वजनाच्या शंभराला दीड ते दोन किलो. वजन काढायला काटा नको, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 145 आणि लांबी 140 असेल, तर वजन सुमारे 248 किलो येतं. अशा तट्टाला रोज पाच किलोच्या आसपास सुकं गवत हवं.

जोडीला तीन किलो हिरवी लसूणघास मिळाली तर फार उत्तम. ती थोडी सुकवून द्या. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. हरळीही चांगली. नेपियर म्हणजे हत्ती गवत गाईला चालतं, पण घोड्याला एकट्या त्याच्यावर ठेवू नका. त्यातला एक घटक, ऑक्झलेट, कॅल्शियम अडवून ठेवतो आणि हाडं कमकुवत होतात. ज्वारीची हिरवी कडवळ तर घोड्याला मुळीच नको. तिच्यानं मूत्राशय आणि मागचे पाय अधू होतात.

चंदीत काय घालावं

हरभरा. आपल्याकडची जुनी आणि चांगली चंदी. प्रथिनं देतो आणि त्याची ताकद टिकते. रात्रभर भिजवून किंवा भरडून द्या. कोरडा अख्खा हरभरा पोटात फुगतो.

जव, म्हणजे सातू. भरडून द्यावा. काम करणाऱ्या घोड्याला चांगला. ओट मिळाला तर तोही उत्तम, पचायला हलका.

मका. यात जोर जास्त आणि पिठूळ भागही जास्त. जड दाणा आहे. भरडून, थोडाच द्या. एक माप मक्यात एक माप ओटापेक्षा जवळजवळ दुप्पट शक्ती असते, म्हणून चंदी मापानं देऊ नका, वजनानं द्या. एकदा तराजूवर वजन करून डब्यावर खूण करून ठेवा.

कुळीथ. इंग्रजीत कुळथाला 'हॉर्स ग्रॅम', म्हणजे घोड्याचा हरभरा, म्हणतात ते उगीच नाही. भातानंतरच्या ओलीवर आपल्याच शेतात येतो. मात्र तो चांगला शिजवून, गार करून द्या. कच्च्या कुळथात पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते शिजवल्यानं बरेच कमी होतात. हरभरा महाग झाला तर निम्मा हरभरा आणि निम्मा शिजवलेला कुळीथ चालेल. वालाचे कच्चे दाणे मात्र घालू नका.

तेल. मस्ती न आणता ताकद द्यायची तर तेलासारखा उपाय नाही. 100 मिलिलिटर तेलात सुमारे पाव किलो सातूइतकी शक्ती असते, आणि आम्ल होण्याची भीती नाही. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं किंवा खोबऱ्याचं ताजं तेल चंदीत कालवा. सुरुवात दोन मोठ्या चमच्यांनी करा आणि दोन-तीन आठवड्यांत 100 मिलिलिटरपर्यंत न्या. वडे-भजी तळून उरलेलं तेल नको.

गूळ. मुठीएवढा गूळ दिला की घोडा तरतरीत दिसतो, पण ते तेवढ्यापुरतंच. औषध खाऊ घालायला किंवा चंदीला चव आणायला खडाभर वापरा, त्यावर काम काढू नका.

कोंड्याचा फसवा खुराक

भाताच्या गिरणीवर कोंडा स्वस्त मिळतो आणि घोडा आवडीनं खातो. गव्हाचा काय आणि भाताचा काय, कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडं. रोज भरपूर कोंडा खाणारा घोडा शेवटी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम वापरू लागतो. आधी तो मंद होतो, पाय बदलत लंगडतो, पुढे तोंडाची हाडं सुजून चेहरा फुगीर दिसतो. मालकाला वाटतं घोडा आळशी झाला, म्हणून तो आणखी कोंडा घालतो!

कोंडा दिवसाला पाव किलोच्या वर नको, आणि तो लसूणघासेबरोबर द्या. भाताचा कोंडा लवकर खवट होतो, म्हणून ताजाच घ्या. लसूणघास मिळत नसेल तर पशुखाद्यात वापरतात ती चुनखडीची पावडर डॉक्टरांना विचारून घाला. पानाचा चुना घालू नका, तो तोंड आणि आतडं भाजतो.

मीठ आणि पाणी

किनाऱ्यावर दुपारनंतर ढेपाळणाऱ्या घोड्यांपैकी कित्येकांना दाणा नको असतो, मीठ-पाणी हवं असतं. घोड्याच्या घामातून माणसापेक्षा जास्त मीठ जातं. उभ्या घोड्याला दिवसाला 25 ग्रॅम आणि घाम गाळणाऱ्याला 50 ग्रॅम मीठ चंदीत विभागून द्या. मिठागरांच्या मुलुखात राहून घोडा मिठावाचून मंद राहावा, हे बरं नव्हे.

मीठ द्याल तर गोडं पाणी समोर हवंच. तट्टू दिवसाला 20 ते 30 लिटर पाणी पितं, उन्हात काम असेल तर याहूनही जास्त. पुळणीवर जाताना पाण्याचा कॅन आणि बादली बरोबर न्या आणि दर फेरी-दोन फेऱ्यांनंतर पाणी दाखवा. उन्हाळ्यात अकरा ते चार घोडा सावलीत ठेवा.

250 किलोच्या तट्टासाठी रोजचा खुराक

भरपूर कामाचा दिवस: सुकं गवत 5 किलो, हिरवी लसूणघास 3 किलो, भरडलेला सातू 600 ग्रॅम, हरभरा 400 ग्रॅम, तेल 50 मिलिलिटर, मीठ 50 ग्रॅम.

हलक्या कामाचा दिवस: गवत आणि लसूणघास तेवढीच, चंदी एकूण अर्धा किलो, मीठ 30 ग्रॅम.

सुट्टीचा दिवस: गवत आणि लसूणघास तेवढीच, चंदी पाव किलो, मीठ 25 ग्रॅम. घोडा जाड असेल तर चंदी नको.

हरभऱ्याचं वजन भिजवण्याआधीचं धरा. चंदी दोन वेळा विभागून द्या. या वजनाच्या तट्टाला एका वेळी अर्ध्या किलोच्या वर चंदी नको. चंदी खाल्ल्यावर निदान एक तास खोगीर चढवू नका. रात्री मात्र गवत समोर भरपूर असू द्या, कारण घोडा रात्रीही खातो.

शनिवारचा धोका

पूर्वी गाडीचे घोडे रविवारी सुट्टीला उभे राहून पूर्ण चंदी खात आणि सोमवारी जुंपले की आखडून पडत. म्हणून त्या रोगाला 'सोमवारचा रोग' असं नाव पडलं. आपल्याकडे आठवडा उलटा आहे. घोडा शुक्रवारपर्यंत उभा आणि शनिवारी एकदम काम. म्हणून आपल्याकडे भीती शनिवारची. घोडा चालता चालता ताठतो, दरदरून घाम सुटतो, मागचा भाग दगडासारखा होतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असं झालं तर त्याला एक पाऊलही चालवू नका. जागेवर उभा करा, पाणी दाखवा आणि डॉक्टरांना बोलवा. हा रोग टाळणं तुमच्या हाती आहे: कामाप्रमाणे चंदी द्या, सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा आणि रोज थोडं फिरवा. पावसाळ्यात महिनोन्‌महिने काम नसतं, तेव्हाही हाच नियम.

हे कधीही देऊ नका

कोंबड्यांचं खाद्य घोड्याला विषासारखं आहे. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, पण घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. गाई-म्हशींच्या तयार खाद्यातही ते कधी कधी घातलेलं असतं, म्हणून तेही घोड्याला नको. ज्या पाटीतून कोंबड्यांना खाद्य घालता, त्या पाटीतून घोड्याला चंदी देऊ नका. बुरशी आलेली पेंड, एरंडीच्या बिया किंवा पेंड, आणि पाहुण्यांच्या हातचे वडापाव, बिस्किटं, शिळा भात हेही नको.

बदल सावकाश करा

नवीन चंदी एकदम सुरू करू नका. पहिल्या तीन दिवसांत पाव भाग नवी, पुढचे तीन दिवस निम्मी, असं करत दहा ते चौदा दिवसांत पूर्ण बदला. सुक्या गवतावरून पावसाळी हिरव्या गवतावर नेतानाही असंच करा.

एक साधी वही ठेवा. दर पंधरवड्याला छातीचा घेर लिहा. शनिवारी दुपारच्या फेरीला घोडा कसा चालला, तेही लिहा. महिनाभरात अंग भरलं, केसांवर चकाकी आली आणि शेवटची फेरी पहिल्या फेरीसारखी झाली, तर खुराक लागू पडला, असाच चालू ठेवा. घोडा नुसता उधळू लागला तर सातू कमी करून त्या जागी तेल आणि लसूणघास वाढवा. काहीच फरक नसेल तर आणखी दाणा घालू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडा न्या, बरोबर लीद आणि ही वही न्या, आणि रक्त तपासून मागा.

हे पत्रक तबेल्यात चंदीच्या डब्याजवळ लावून ठेवा. घरातल्या ज्या मुलाच्या हाती चंदी घालायचं काम आहे, त्याला एकदा वाचून दाखवा.